सीम रिपर निवडताना आणि शिवण उसवताना

चुकलेली टीप उसवणं हे शिवणकामातलं रोजचं काम. पण त्यासाठी हाताशी असतो तो रिपर बहुतेक वेळा मशीनच्या डब्यातून आलेला, बोथट झालेला आणि टोपण हरवलेला असतो. मग कात्रीचं टोक नाहीतर दाढीचं ब्लेड वापरलं जातं, आणि दोन टाके काढता काढता कापडाला भोक पडतं. रिपर चांगला असेल आणि तो धरायची रीत माहीत असेल, तर साध्या सुती कापडावर आधी कुठे टीप होती हे नंतर शोधूनही सापडत नाही.

पुढे सगळीकडे 'दोरा' म्हणजे शिवायचा दोरा आणि 'धागा' म्हणजे कापडाच्या विणीतला धागा असं धरलं आहे. रिपरने या दोहोंच्या मधे शिरायचं आणि फक्त दोरा कापायचा. उसवताना होणारं जवळजवळ सगळं नुकसान धागा कापला गेल्याने किंवा ओढला गेल्याने होतं.

रिपरचे भाग

मुठीतून एक बारीक लोखंडी दांडी निघते आणि टोकाला तिचे दोन दाते होतात. एक लांब आणि सुईसारखा टोकदार, दुसरा आखूड. आखूड दात्याच्या टोकावर बहुतेकदा प्लॅस्टिकची लहान गोळी असते, बऱ्याच वेळा लाल. दोन दात्यांच्या मधल्या बेचक्यात आतल्या बाजूने पातं असतं. धार फक्त तिथेच असते. लांब टोक टाक्याखाली शिरायला, बेचकं कापायला आणि गोळी कापडाचं रक्षण करायला, अशी ही वाटणी आहे.

गोळीबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. ती शोभेला नसते, की टोक बोटाला लागू नये म्हणूनही नसते. बेचकं शिवणीच्या रेषेवरून पुढे ढकलायचं असेल तेव्हा गोळी कापडाला लागून घसरते, त्यामुळे आखूड दाता कापडात रुतत नाही. एकेक टाका उचलून कापताना तिचा काही उपयोग होत नाही. काही रिपरना गोळी नसतेच. असे रिपर अगदी बारीक टाक्यांत सहज शिरतात, पण त्यांनी ओळीने टीप फाडत जाऊ नये.

निवडताना

पहिल्यांदा टोक बघा. उजेडात धरून फिरवलं की वाकलेलं किंवा तुटलेलं टोक लगेच कळतं. मलमलीच्या किंवा जुन्या नायलॉनच्या तुकड्यावरून टोक हलकेच आडवं फिरवा. कुठे अडलं, धागा ओढला गेला, तर टोकावर कुसळ राहिलेलं आहे. असा रिपर नवा असला तरी तो रेशमावर चालवायच्या लायकीचा नाही.

मग धार. शिवायचा पॉलिएस्टर दोरा दुहेरी करून दोन हातांत ताणून धरा आणि दुसऱ्या कोणाला रिपरचं बेचकं त्याला टेकवायला सांगा. एकटेच असाल तर दोऱ्याचं एक टोक टाचणीने उशीला अडकवा. चांगल्या पात्याला दोरा टेकला की तुटतो. दोरा आधी वाकला, पिंजला आणि मग तुटला, तर पातं बोथट आहे. बोथट पातं दोरा कापत नाही, तो ओढतं. मग आपण जोर लावतो, दोरा एकदम तुटतो आणि हात पुढे जाऊन टोक कापडात घुसतं. रिपरने पडलेल्या बहुतेक भोकांमागे हेच कारण असतं, म्हणून आम्ही धारेला बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त महत्त्व देतो.

तिसरी गोष्ट म्हणजे दांडी आणि मुठीचा सांधा. लोखंडी दांडी फडक्यात धरून मूठ पिळून बघा. किंचितही फिरली तर तो रिपर घेऊ नका. स्वस्त रिपरचा हा नेहमीचा दोष आहे. काही दिवसांत दांडी मुठीत गोल फिरायला लागते, टोक कुठे वळेल याचा भरवसा राहत नाही, आणि कधीकधी दांडी मुठीतून सरळ बाहेरच येते.

दात्याची जाडी कामावर ठरते. १.५ मिमीच्या बारीक टाक्याखाली जाड दाता शिरतच नाही, जबरदस्तीने घातला तर धागे बाजूला सारून छिद्र मोठं करतो. डेनिमच्या जाड दोऱ्याला मात्र बारीक दाता पुरत नाही, तो वाकतो. दोन्ही प्रकारचं शिवण करत असाल तर दोन रिपर ठेवा, एक बारीक आणि एक दणकट.

मूठ आपल्या हाताच्या मापाची असावी. मशीनबरोबर येणारा बोटभर लांबीचा रिपर चार टाक्यांना ठीक आहे. अख्खा झगा उसवायचा असेल तर तो चिमटीत धरून धरून अंगठा दुखतो. जाडसर, पेनसारखी लांब, जराशी चपटी मूठ बरी. चपटी मूठ बोटांत फिरत नाही आणि टेबलावरून घरंगळत खालीही जात नाही. टोपण घट्ट बसणारं हवं. काही रिपरचं टोपण मागच्या बाजूला बसतं आणि त्यामुळे मूठ लांब होते. ही सोय छोट्या रिपरला फार उपयोगी पडते. दिवा लावलेले, भिंग बसवलेले रिपरही मिळतात. टेबलावरचा चांगला दिवा त्यांच्यापेक्षा जास्त मदत करतो.

शस्त्रक्रियेच्या सुरीसारखं बाकदार पातं असलेला एक प्रकार असतो. त्याला बेचकं नसतं, गोळीही नसते. ओव्हरलॉक, म्हणजे कापडाच्या कडेवरून दोरे गुंडाळणारी टीप, उसवताना तो अतिशय जलद चालतो. पण त्याची सबंध धार उघडी असते, घसरला की कापड लांब चिरतं. साध्या रिपरवर हात बसल्याशिवाय तो वापरू नये.

जोडीला बारीक टोकाचा चिमटा आणि टोकदार छोटी कात्री हवीच. रिपर दोरा कापतो, कापलेले तुकडे काढायला चिमटाच लागतो.

उसवायचं की नाही, ते आधी ठरवा

प्रत्येक चुकलेली टीप उसवावी लागत नाही. कपडा सैल झाला म्हणून शिवण आणखी आत घ्यायची असेल, तर नवी टीप आत मारली की जुनी टीप आपोआप मायेत, म्हणजे शिवणीबाहेर उरणाऱ्या कापडात, जाते. कापड जाड नसेल आणि ती बाहेरून दिसत नसेल, तर तिला तिथेच राहू द्या. कपडा घट्ट झाला म्हणून शिवण बाहेर सरकवायची असेल तर मात्र जुनी टीप काढावीच लागते, आणि इथे क्रम महत्त्वाचा. आधी नवी टीप योग्य जागी मारा आणि मगच जुनी उसवा. दोन्ही थर एकमेकांना धरून राहतात, सरकत नाहीत. तिरप्या कापलेल्या किंवा निसटत्या कापडावर या एका सवयीने बराच त्रास वाचतो.

त्यानंतर टीप कोणत्या जातीची आहे ते बघा. दोन्ही बाजूंनी सारखीच दिसत असेल तर ती साध्या मशीनची टीप. एका बाजूला सरळ टाके आणि दुसऱ्या बाजूला साखळी दिसत असेल तर चेन टीप. कडेवरून दोरे गुंडाळून आले असतील तर ओव्हरलॉक. प्रत्येकीची उसवायची जागा वेगळी असते. जात न ओळखता सुरुवात केली की वेळही जातो आणि कापडालाही मार बसतो.

काम मांडीवर घेऊ नका, टेबलावर घ्या. दिवा वरून येण्यापेक्षा बाजूने येऊ द्या. आडव्या उजेडात प्रत्येक टाक्याची बारीक सावली पडते आणि काळ्या कापडावरचा काळा दोराही दिसतो.

साधी टीप

मशीनच्या टिपेत दोन दोरे असतात, वरचा आणि बॉबिनचा, म्हणजे खालच्या रिळाचा. ते कापडाच्या थरांच्या मधे एकमेकांत अडकतात. प्रत्येक टाक्यापाशी असा एक अडका असतो. म्हणून एक टोक धरून लांब दोरा ओढला तर तो सगळ्या अडक्यांतून घासत येतो, कापड गोळा होतं, दोरा करकचून आवळतो आणि शेवटी तुटतो. नाजूक कापडात त्याच्याबरोबर एखादा धागाही बाहेर येतो. त्यामुळे आधी एका बाजूचा दोरा ठरावीक अंतरावर कापायचा आणि मग दुसऱ्या बाजूचा अख्खा काढायचा.

कापणं उलट्या बाजूने करा, म्हणजे बॉबिनचा दोरा कापा. हात चुकला तरी ओरखडा आत राहतो. टाक्याची लांबी २.५ मिमी असेल तर दर चौथा टाका कापायचा, म्हणजे बरोबर १ सेंमी अंतर पडतं. मध्यम जाडीच्या सुती कापडाला एवढं पुरतं. रेशीम, शिफॉन असेल तर दर दुसरा टाका. कच्ची टीप ४ ते ५ मिमीच्या टाक्यांची असते. ती एवढी सैल असते, की दोन-तीन ठिकाणी कापली तरी दोरा सरसर निघतो.

आता एक टाका जवळून बघू. डाव्या हाताच्या दोन बोटांनी कापड टिपेच्या दोन्ही बाजूंना हलकं ताणून धरा, फार ताणू नका. रिपर पेनसारखा धरा. टोक कापडाला जवळजवळ समांतर ठेवून टाक्याच्या एका टोकाकडून त्याच्याखाली सरकवा. उभं धरलं तर टोक खालच्या धाग्यात घुसतं. टाका दात्यावर चढला की रिपर किंचित वर उचला. दोरा कापडापासून केसभर सुटतो आणि त्याखाली दाता चकाकताना दिसतो. दिसला नाही तर दात्यावर धागाही आला असण्याची शक्यता आहे. बाहेर काढा आणि परत घाला. दिसला तर रिपर पुढे सरकवा. दोरा घसरत बेचक्यात जातो आणि 'टच' होऊन तुटतो. बोटांना तो धक्का कळतो. कापताना जोर लावावा लागला, तर एकतर पातं बोथट आहे किंवा बेचक्यात दोऱ्याखेरीज आणखी काहीतरी आलं आहे.

असं साधारण १० ते १५ सेंमी झालं की कापड पालथं करा. सुलट्या बाजूचा वरचा दोरा टोकाने उचला, चिमटीत धरा आणि कापडाला लागून, टिपेच्या रेषेत मागे ओढा. सरळ वर ओढू नका. तो टकटक करत लांब निघतो. मधे अडला तर ओढायचं नाही. कापड उलटून बघा, तिथला एखादा टाका कापायचा राहिलेला असतो. वरचा दोरा निघाला की दोन थर आपोआप सुटतात आणि बॉबिनच्या दोऱ्याचे तुकडे उलट्या बाजूला मोकळे पडतात.

शिवणीच्या दोन्ही टोकांना मागेपुढे मारलेली पक्की टीप असते. तिथे टाक्यांवर टाके चढलेले असतात, म्हणून अंतर मोजून कापणं चालत नाही. ती आधी उसवायला घेऊ नका. मधली टीप काढून झाली की तिथले थर थोडे उघडता येतात, आतले दोरे दिसतात, आणि मग बारीक टोकाने एकेक टाका कापणं सोपं जातं. भोकं पडतात ती बहुधा याच दोन सेंटिमीटरमध्ये.

ओळीने फाडत जाणं

दोन थर विलगून, गोळी आत ठेवून, बेचकं सरळ पुढे ढकलत नेणं ही जलद रीत बऱ्याच जणांना आवडते. डेनिम, कॅनव्हास, जाड सुती अशा घट्ट विणीच्या कापडाला ती चालते. सुरुवातीचे २ ते ३ सेंमी एकेक टाका कापून उघडायचे. मग दोन्ही थर डाव्या हाताने असे धरायचे, की मधे दोऱ्यांची शिडी दिसेल. गोळी खाली, कापडाला लागून ठेवायची, टोकदार दाता वर. आता बेचकं हलक्या हाताने पुढे न्यायचं. एका वेळी ३ ते ४ सेंमीच जायचं, थांबायचं, बघायचं, परत पकड पुढे घ्यायची.

हे थांबणं टाळलं की नुकसान झालंच म्हणून समजा. थर ओढताना कापडाची एखादी घडी बेचक्याकडे येते. पात्याला दोरा आणि धागा यातला फरक कळत नाही, आणि वेगात असलेल्या हातालाही कळत नाही. जिथे दुसरी शिवण आडवी येते तिथे जाडी वाढते, तिथे तर ही रीत सोडून एकेक टाकाच कापावा. होजिअरी, रेशीम, जॉर्जेट, विरळ विणीचं लिनन यांच्यावर ही रीत मुळीच वापरू नका. शिवाय तिच्यात दोरे दोन्ही थरांत तुकड्या-तुकड्यांनी अडकून राहतात आणि ते वेचण्यात वाचलेला वेळ निघून जातो. लांब शिवण असेल आणि ती जागा नंतर आतच राहणार असेल तरच तिचा खरा फायदा आहे.

ओव्हरलॉक, चेन, झिगझॅग

ओव्हरलॉक बघून घाबरायला होतं, पण ते साध्या टिपेपेक्षा लवकर निघतं. चार दोऱ्यांच्या ओव्हरलॉकमध्ये सुईचे दोन दोरे सुलट्या बाजूने दोन सरळ टिपांसारखे दिसतात. कडेवरून जाळीसारखे फिरणारे दोन दोरे लूपरचे, म्हणजे मशीनमधल्या फास टाकणाऱ्या आकड्यांचे असतात. ते स्वतः कापडातून जात नाहीत, सुईच्या दोऱ्यांनी त्यांना कापडाला धरून ठेवलेलं असतं. म्हणून जाळी कापत बसू नका. सुईचे दोन्ही दोरे दर तिसऱ्या-चौथ्या टाक्याला कापा, टोकाने उचलून काढा, आणि मग लूपरची जाळी हाताने ओढा. ती कडेवरून अख्खी उलगडून येते. तीन दोऱ्यांच्या ओव्हरलॉकमध्ये सुईचा एकच दोरा असतो, बाकी सगळं तसंच. कडेने पातं फिरवून जाळीच कापून टाकायची रीतही आहे. पण तिने बारीक दोऱ्यांचा एवढा भुसा होतो, की तो कपड्याला आठवडाभर चिकटून राहतो.

चेन टीप एका दिशेने सुटते आणि दुसऱ्या दिशेने आवळते. शिवण जिथे संपली त्या टोकाला दोरा कापा आणि साखळीच्या बाजूचा दोरा ओढा. योग्य टोक लागलं तर सगळी ओळ एका झटक्यात सुटते. अडत असेल तर दुसऱ्या टोकाकडून बघा.

झिगझॅगमध्ये उलट्या बाजूने टाक्यांच्या बरोबर मधून बॉबिनचा दोरा कापत जा आणि वरचा दोरा सुलटीकडून काढा. घट्ट भरतकाम किंवा काजाची कड याच रीतीने निघते, पण १ सेंमीचा एकेक टप्पा घेऊन. भरतकामाच्या मागे लावलेला आधाराचा कागद किंवा कापड आधी काढू नका. पातं घसरलं तर तो मार आधी त्याला लागतो.

सगळ्यात चिवट असते तिहेरी ताणाची टीप. मशीन पुढे, मागे आणि परत पुढे जाऊन एकेका टाक्यात तीन दोरे घालतं. इथे प्रत्येक टाका कापावा लागतो. होजिअरीवर बारीक टाक्यांची अशी टीप असेल आणि मायेत जागा असेल, तर टिपेसकट पट्टी कापून टाकून नव्याने शिवणं हा जास्त शहाणपणाचा मार्ग आहे.

कापडागणिक फरक

होजिअरीत विणीचं एक घर जरी कापलं, तरी तिथून ते खाली सुटत जातं आणि शिडी पडते. इथे रिपरपेक्षा टोकदार छोटी कात्री बरी. कापड शिवणीला आडवं हलकेच ताणा, टाके उघडे होतात. रिपरच वापरायचा असेल तर सर्वांत बारीक घ्या आणि प्रत्येक दोरा उचलून, बघून मगच कापा.

मखमलीवर सुलट्या बाजूने काम करूच नका. लव दोरा झाकून टाकते आणि बेचक्यात लवच येते. उलट्या बाजूने कापा, सुलट्या बाजूचा दोरा चिमट्याने लवेच्या दिशेने ओढा.

सॅटिन आणि बारीक विणीचं रेशीम छिद्रं लक्षात ठेवतात. अशा कपड्याची पहिली टीप कच्ची, सैल आणि मायेच्या आत मारून माप बघावं. परत शिवताना ६०/८ किंवा ७०/१० नंबरची नवी सुई घाला. चामडं, रेक्झिन, पावसाळी कोटाचं लेपाचं कापड यांना पडलेली छिद्रं कधीच बुजत नाहीत. तिथे उसवणं शक्य तितकं टाळा. टाळता येत नसेल तर नवी टीप जुन्याच छिद्रांतून, चाक हाताने फिरवत घाला, म्हणजे छिद्रांची दुसरी रांग पडत नाही.

उसवून झाल्यावर

आधी दोऱ्याचे तुकडे. लांब तुकडे चिमट्याने काढा. बाकीच्यांसाठी चिकटपट्टी बोटाला उलटी गुंडाळून टिपेवर दाबा आणि उचला. सुती आणि लिननवर पेन्सिलचं खोडरबर एकाच दिशेने घासलं तर अडकलेले बारीक दोरे वळकटी होऊन वर येतात. हे काम अर्धवट सोडून नवी टीप मारू नका. राहिलेला तुकडा नव्या टिपेत अडकतो आणि सुलट्या बाजूने केसासारखा डोकावतो.

मग छिद्रं. सुईने धागे तुटलेले नसतात, फक्त बाजूला सरकलेले असतात. जागा पाण्याच्या हातानं ओलसर करा. नखाने किंवा चमच्याच्या पाठीने आधी उभ्या धाग्याच्या आणि मग आडव्या धाग्याच्या दिशेने हलकं घासा. उलट्या बाजूने वाफेची इस्त्री करा. सुती आणि लोकरी कापडात छिद्रं बऱ्यापैकी बुजतात, उरलेली पहिल्या धुण्यात जातात. रेशमावर आधी मायेच्या तुकड्यावर पाण्याचा डाग पडतो का ते बघा.

गळा, मुंढा आणि तिरप्या कडा उसवताना हमखास ताणल्या जातात. परत शिवण्याआधी तो भाग कागदी मापावर ठेवून बघा. वाढला असेल तर मायेत, शिवणीच्या रेषेच्या जरा बाहेर, एक साधी टीप मारून तिचा दोरा थोडा ओढा आणि कड मापावर आणा. ताणलेल्या कडेला तशीच टीप मारली तर गळा अंगावर उभा राहतो.

भोक पडलंच तर

मायेत पडलं असेल तर उलट्या बाजूने इस्त्रीने चिकटणाऱ्या फ्युजिंगचा २ सेंमीचा तुकडा लावा आणि त्यावरूनच शिवा. शिवणीच्या रेषेवर पडलं असेल तर फ्युजिंग लावून सगळी शिवण २ ते ३ मिमी आत घ्या. फक्त भोकापाशी आत घेऊ नका, तिथे बाक दिसतो. दुसऱ्या बाजूची जुळणारी शिवणही तेवढीच आत घ्या. भोक कपड्याच्या अंगावर, दिसेल अशा ठिकाणी असेल, तर कापडाच्या उरलेल्या कत्रणातून धागा उपसून काढा आणि मागे पातळ फ्युजिंग लावून त्याच धाग्याने रफू करा. विकतचा दोरा कितीही जुळता घेतला तरी त्याची चमक वेगळी पडते.

काज उघडताना

मशीनवर शिवलेलं काज रिपरने उघडतात, आणि एका झटक्यात काजाचं टोक फाटतं. पातं कापड कापत असताना जो जोर लावलेला असतो, तो कापड संपताच मोकळा होतो आणि रिपर टोकाच्या आडव्या टाक्यांतून आरपार जातो. म्हणून दोन्ही टोकांच्या आतल्या बाजूला, आडव्या टाक्यांना लागून, एकेक टाचणी आडवी घाला. रिपर एका टाचणीच्या आत टोचा, मधल्या भागात टोक वर काढा आणि काजाच्या मध्याकडे कापत या. मग दुसऱ्या टोकाकडून तसंच मध्याकडे. पातं कुठल्याच टोकाच्या दिशेने जात नाही, त्यामुळे टाचणीवरही भार येत नाही. सुटणाऱ्या कापडाच्या काजावर कापण्याआधी मधल्या रेषेवर धागे न सुटण्यासाठीचं द्रव थेंबभर लावून पूर्ण वाळू द्या.

मशीनखाली अडकलं तर

कधी कापडाखाली दोऱ्याचं जाळं होतं आणि कापड हलेनासं होतं. ओढू नका. मशीन बंद करा, चाक हाताने फिरवून सुई वर आणा, मशीनचा कापड दाबणारा पाय उचला. रिपर आडवा धरून कापड आणि सुईखालच्या पट्टीच्या मधे सरकवा आणि दिसतील तेवढे दोरे कापा. कापड सुटलं की मग बॉबिन काढून आतले तुकडे चिमट्याने वेचा. शटलच्या, म्हणजे बॉबिन बसते त्या भागाच्या, आसपास रिपर घालू नका. तिथे टोकाचा बारीक ओरखडा जरी पडला तरी पुढे प्रत्येक टिपेत दोरा त्यात अडकून तुटत राहतो, आणि कारण लवकर सापडत नाही. मशीन चालू असताना कापड पुढे सारायला रिपरचं टोक वापरणंही तसंच धोक्याचं आहे. सुई दात्यावर आपटली तर तुटून उडते. त्यासाठी साधा टोच्या किंवा लाकडी काडी घ्या.

धार आणि साठवण

रिपरने फक्त दोरा कापावा. कपड्याची प्लॅस्टिकची लेबलं, पाकिटं, पुठ्ठा कापले की धार झपाट्याने जाते. बेचक्यात दोऱ्याचा कीस साचतो, तो टाचणीने काढत जा. पातं आतल्या बाकात असल्यामुळे घरी धार लावणं जवळजवळ अशक्य आहे. घासायला गेलं तर धारेपेक्षा कुसळंच जास्त निघतात. कापताना जोर लागायला लागला की रिपर बदला. टाकून देताना टोपण बसवून त्यावर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर कचरा उचलणाऱ्याच्या हातात ते टोक जातं.

काम करताना टोक नेहमी डाव्या अंगठ्यापासून दुसऱ्या दिशेला असू द्या, आणि मधे उठावं लागलं तर आधी टोपण लावा. कापडाच्या ढिगात उघडा राहिलेला रिपर सापडतो तो बहुधा तळहातालाच.